पिशाच्चनायकाला हाकलू नका, त्याला अट घाला

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत क्रमशः प्रसिद्ध होत असलेल्या पिशाच्चकथेवरून वाचकांच्या पत्रांत सध्या जो वाद रंगला आहे, तो मी लक्षपूर्वक वाचते आहे. आपल्या नागपुरातल्या सिव्हिल लाइन्समधल्या एका ब्रिटिशकालीन बंगल्यात राहणारा, कधीही म्हातारा न होणारा आणि माणसाच्या रक्तावर जगणारा नायक, आणि एका रुग्णालयाच्या रक्तपेढीत रात्रपाळी करणारी, महाल भागातल्या एका वाड्यात वाढलेली नायिका, यांची ही प्रेमकथा. ती ताबडतोब बंद करावी, अशी मागणी करणाऱ्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, हे खूळ परदेशातून आले आहे, त्याने अंधश्रद्धा वाढेल आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलींच्या डोक्यात भलत्या कल्पना शिरतील. कथेची बाजू घेणाऱ्यांनी ‘करमणूक आहे, सोडून द्या’ यापलीकडे काही म्हटलेले नाही. मला दोन्ही बाजू पटत नाहीत. मी रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून नोकरी करून निवृत्त झाले आहे, भयकथा वाचण्याचा नाद मला शाळेपासूनचा आहे, आणि त्यामुळे या कथेतला रक्ताचा व्यवहार मला जरा जवळून दिसतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे. कथा बंद करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तिच्या नायिकेने जे प्रेम पत्करले आहे, त्यात एकही अट तिची नाही. या जातीच्या आजकालच्या बहुतेक कथांत नायिकेची अशी अट नसते, आणि आक्षेप घ्यायचाच तर तो इथे घ्यायला हवा.

आधी परकेपणाबद्दल. माणूस आणि माणूस नसलेले कोणी यांच्या प्रेमाची आपल्याला नवलाई असण्याचे कारण नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात पुरूरवा आणि उर्वशी यांचा संवाद आहे, आणि शतपथ ब्राह्मणात त्यांची कथा सविस्तर येते. उर्वशी राजाला आधीच सांगून टाकते की, तू मला विवस्त्र दिसता कामा नये. गंधर्व तिची मेंढरे पळवतात, राजा अंथरुणातून तसाच उठून धावतो, नेमकी वीज चमकते, अट मोडते आणि ती निघून जाते. गंगेने शंतनूला घातलेली अट याहून कठोर होती. तिने काहीही केले तरी त्याने कारण विचारायचे नाही. सात मुले पाण्यात सोडली जाईपर्यंत राजाने ती पाळली, आठव्याच्या वेळी तोंड उघडले आणि गंगा गेली.

पण आपल्या पुरवणीतल्या कथेशी सर्वांत जवळचे नाते आहे ते हिडिंबेचे, आणि या वादात तिची आठवण कोणालाही होऊ नये, याचे मला आश्चर्य वाटते. लाक्षागृहातून निसटलेले पांडव वनात झोपले आहेत, भीम एकटा जागा आहे, आणि माणसाच्या मांसाचा वास आलेला हिडिंब आपल्या बहिणीला त्यांना मारून आणायला पाठवतो. ती येते, भीमाला पाहते आणि त्याच्यावर भाळते. इथपर्यंत ही कथा कोणत्याही पिशाच्च-प्रेमकथेसारखीच आहे: शिकार करायला आलेला जीव सावजाच्याच प्रेमात पडतो. फरक पुढच्याच क्षणी पडतो. हिडिंबा सुंदर रूप घेऊन समोर येते खरी, पण आपण कोण आहोत, आपल्याला कोणी आणि कशासाठी पाठवले आहे, हे ती भीमाला पहिल्याच भेटीत सांगून टाकते. पुढे हिडिंबाचा वध झाल्यावर ती लग्नाची याचना करते, तेव्हा युधिष्ठिर व्यवस्थित अट घालतो की, दिवसभर तू भीमाला घेऊन हवे तिथे विहार कर, पण सूर्य मावळला की त्याला रोज परत आणून सोडायचे. भीमही आपली मुदत सांगतो, मुलगा होईपर्यंतची. नरभक्षक कुळातल्या मुलीशी सोयरीक करताना थोरल्या भावाने हिशेब चोख ठेवला, आणि तिनेही तो पाळला. अंधार पडल्यावर कोण कुठे असेल, हे ठरल्याशिवाय त्या घरात प्रेमाला परवानगी नव्हती.

या तिन्ही कथांत माणूस नसलेली ती स्त्री आहे आणि मर्त्य तो पुरुष. अट कधी ती घालते, कधी मर्त्याचे घर घालते. पण अट आहे, ती बोलून दाखवलेली आहे आणि मोडली तर काय होईल हे दोघांनाही ठाऊक आहे. आता पात्रे उलटी करून पाहा. अमर तो पुरुष, मर्त्य ती मुलगी, आणि भूक त्याला. अशा वेळी अट घालण्याची गरज कोणाला अधिक आहे?

युरोपातल्या मूळ पिशाच्चकथाही याबाबतीत आजच्या कथांपेक्षा शहाण्या होत्या. तिथल्या खेड्यांतला रक्तपिपासू हा देखणा, फिकट, लांब कोटातला सरदार मुळीच नव्हता. सर्बियातल्या एका गावात ऑस्ट्रियन लष्कराच्या शल्यचिकित्सकांनी थडगी उकरून पाहिली आणि १७३२ साली अहवाल लिहिला. त्यातली प्रेते फुगलेली, लालबुंद आणि तोंडाशी रक्त असलेली होती. शवविच्छेदनगृहाच्या शेजारी ज्यांनी नोकरी केली त्यांना यात गूढ काही वाटणार नाही. कुजताना पोटात वायू धरतो, शरीर फुगते, आणि आतला लालसर द्रव तोंडानाकावाटे बाहेर पडतो. गावकऱ्यांना मात्र वाटे की, हा रात्री उठून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे रक्त पिऊन आला आहे. या गावठी भुताला लंडनच्या दिवाणखान्यात नेऊन बसवले ते कवी बायरनचा डॉक्टर जॉन पोलिडोरी याने, १८१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका कथेत. तो पहिला सरदार पिशाच्च, आणि तो शेवटी लग्न करतो हे विशेष. नवरीच्या भावाला त्याचे खरे रूप माहीत असते, पण एक वर्ष आणि एक दिवस तोंड उघडणार नाही, अशी शपथ त्या सरदाराने त्याच्याकडून आधीच घेऊन ठेवलेली असते. भाऊ शपथेला बांधलेला राहतो आणि बहिणीचा बळी जातो. म्हणजे या वंशातल्या पहिल्याच नवरदेवाने अट घातली ती गप्प राहण्याची, आणि तिची किंमत जिला त्या अटीचा पत्ताही नव्हता तिने मोजली.

ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी १८९७ सालची. तिच्यात पिशाच्चावर एक मोठे बंधन आहे: घरातल्या कोणीतरी बोलावल्याशिवाय त्याला प्रथम आत पाऊल टाकता येत नाही. किल्ली घरातल्या माणसाच्या हातात ठेवलेली होती. नंतरच्या काळात पिशाच्च हळूहळू प्रियकर होत गेला. १९७६ मध्ये एका अमेरिकन लेखिकेने त्यालाच निवेदक करून त्याची व्यथा त्याच्याच तोंडून सांगितली, आणि २००५ मध्ये आलेल्या दुसऱ्या एका अमेरिकन कादंबरीने त्याला शाळेत जाणाऱ्या मुलीचा वर्गमित्र केले. या नव्या नायकाचे कुटुंब जनावरांच्या रक्तावर भागवते आणि थट्टेने स्वतःला शाकाहारी म्हणवते, ही गंमत मला मनापासून आवडली. पण तोच नायक मुलीच्या नकळत रात्री तिच्या खोलीत येऊन ती झोपलेली पाहत बसतो, आणि हे तिला कळते तेव्हा कथा तिला लाजायला लावते. जुन्या पिशाच्चाला जे बंधन होते, ते नव्या प्रियकराला राहिलेले नाही.

आपल्या पुरवणीतल्या कथेत हेच आहे. नायक महालातल्या वाड्याच्या गच्चीवर रात्र रात्र उभा राहतो, नायिका ड्यूटीवरून निघाली की तिच्या स्कूटीमागे सावलीसारखा येतो, तिला ओळख देत नाही, आणि लेखक याला संरक्षण म्हणतात. एखाद्या बाईने नको म्हटले असताना वारंवार तिचा पाठलाग करणे हा २०१३ च्या दुरुस्तीपासून आपल्याकडे स्वतंत्र गुन्हा आहे, आणि नव्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८ मध्ये आहे. नायिकेने नको म्हटले नव्हते, असे लेखक सांगतील. तिला विचारलेच कुठे होते?

अंधश्रद्धेच्या आक्षेपाबद्दल फार लिहीत नाही. ज्यांना या विषयाची खरी काळजी आहे, त्यांनी अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधली १८९२ ची घटना वाचावी. एका कुटुंबात क्षयाने एकामागून एक माणसे दगावत होती, कॉखने क्षयाचा जंतू शोधून दहा वर्षे झाली होती, तरी गावकऱ्यांनी कुटुंबातल्या मृत तरुणीचे थडगे उघडले, तिचे हृदय जाळले आणि ती राख पाण्यात कालवून तिच्या आजारी भावाला पाजली. भाऊ वाचला नाही. तो अघोरीपणा करणाऱ्यांनी कोणतीही कादंबरी वाचली नव्हती. ‘ड्रॅक्युला’ यायला अजून पाच वर्षे होती. उलट ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाने १७५५ मध्ये आपल्या वैद्याकडून चौकशी करवून घेतली आणि पिशाच्चाच्या संशयावरून थडगी उकरण्यावर बंदी घातली. तिने कृतीवर बंदी घातली, गोष्टी सांगण्यावर नाही. आपल्या राज्याचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही माणसाला फसवणाऱ्या आणि इजा करणाऱ्या कृत्यांसाठीच आहे. जादूटोण्याच्या संशयावरून म्हाताऱ्या बाईला मारहाण करणारे लोक रविवार पुरवणीतली प्रेमकथा वाचून पेटत नाहीत, हे विदर्भात राहणाऱ्याला सांगावे लागू नये.

मुलींच्या डोक्यात कल्पना शिरतील, हा आक्षेप मात्र मी सोडणार नाही, कारण त्याचे उत्तर त्याच १८९७ च्या कादंबरीत आहे. त्या कादंबरीत मीना नावाची तरुणी आहे. तिला लघुलेखन येते, टंकलेखन येते, आणि सगळ्यांच्या रोजनिशा, तारा, पत्रे तारीखवार लावून शत्रूचा माग काढण्याचे किचकट काम तिनेच केलेले आहे. अगदी मोक्याच्या वेळी तिच्याभोवतीचे भले, प्रेमळ, सुशिक्षित पुरुष ठरवतात की, हे सारे तिच्या नाजूक मनाला झेपणार नाही, तेव्हा यापुढे तिला काही सांगायचे नाही. ती मुकाट्याने ऐकते. नेमक्या त्याच दिवसांत पिशाच्च तिच्यापर्यंत पोचतो, आणि तिचा चेहरा दिवसेंदिवस फिका पडतो आहे हे त्या पुरुषांना दिसूनही उमगत नाही, कारण जिने सगळे जोडून दाखवले असते तिलाच त्यांनी बैठकीतून उठवलेले असते. तरुण मुलींच्या हातून ही पुरवणी काढून घ्या म्हणणाऱ्या पत्रलेखकांनी हा भाग जरूर वाचावा.

आणि हे शहर तर इडापिडेकडे पाठ फिरवणारे नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे इडापिडेचा पुतळा, निघते, ती झाकून नेत नाहीत. इतवारीच्या गल्ल्यांतून, गच्च्यागच्च्यांवर गर्दी असताना तिला मिरवतात, लेकरांना खांद्यावर घेऊन दाखवतात, ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणतात आणि मग जाळतात. तिच्यासोबतच्या बडग्यांवर, म्हणजे पुरुषी पुतळ्यांवर, तर त्या त्या वर्षीच्या पुढाऱ्यांचे आणि महागाईचेही नाव असते. ज्याची भीती वाटते ते डोळे भरून पाहावे, मगच त्याचे काय करायचे ते ठरवावे, हीच इथली रीत आहे.

आता माझा स्वतःचा आक्षेप, आणि तो रक्ताचा आहे.

नायिका नायकाला आपले रक्त देते, त्या प्रकरणाचे कौतुक बऱ्याच वाचकांनी केले आहे. लेखन सुंदर आहे, यात वाद नाही. पण आमच्या कामात रक्त देणाऱ्याकडे आधी पाहायची सवय असते. दात्याचे वय, वजन, हिमोग्लोबिन, मागच्या वेळी कधी दिले, हे विचारल्याशिवाय सुई लागत नाही. हिमोग्लोबिन साडेबारा ग्रॅमच्या खाली असेल तर दाता कितीही उत्साही असो, त्याला चहा-बिस्कीट देऊन परत पाठवतात. एका वेळी घेतात ते ३५० मिलिलिटर, वजन चांगले असेल तर ४५०. पुरुषाने पुन्हा द्यायचे ते तीन महिन्यांनी आणि बाईने चार महिन्यांनी. बाईला हा महिना जास्त का, हे सांगण्याची गरज नसावी. ३५० मिलिलिटरच्या एका पिशवीबरोबर साधारण दीडशे मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर जाते. रक्तातले पाणी एकदोन दिवसांत भरून निघते, पण लाल पेशी भरायला आठवडे लागतात आणि लोह भरायला त्याहून जास्त. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्क्यांच्या आसपास होते. अशा देशात, महालातल्या मध्यमवर्गीय घरातली, रात्रपाळीत डबा अर्धा ठेवून धावणारी ही मुलगी दर अमावास्येला आपले रक्त देते आहे. म्हणजे चार महिन्यांचे काम एका महिन्यात. ती फिकट दिसते, तिला धाप लागते, जिना चढताना ती भिंतीला हात लावते, आणि लेखक हे सारे प्रेमाची लक्षणे म्हणून लिहितात. माझ्या हातात तिचा रिपोर्ट आला असता तर मी तिला आधी खुर्चीवर बसवले असते.

नायक तिला काय देतो, हेही पाहायला हवे. प्रत्यक्ष निसर्गात रक्तावर जगणारी वटवाघळे आहेत, त्यांच्या फक्त तीन जाती आहेत आणि त्या मध्य व दक्षिण अमेरिकेत आढळतात. अंबाझरीच्या झाडांना लटकणाऱ्या आपल्या फळखाऊ वटवाघळांनी कोणाचे काही वाईट केलेले नाही. त्या अमेरिकन वटवाघळांना दोनतीन रात्री रक्त मिळाले नाही तर ती मरतात. म्हणून ज्याला मिळाले आहे ते वटवाघूळ उपाशी साथीदाराच्या तोंडात आपल्या पोटातले रक्त ओकून देते, आणि दिलेल्याची आठवण ठेवून पुढे त्याची परतफेडही होते, असे १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवून देण्यात आले. मुके जनावर परतफेड जाणते. आपला नायक दीडशे वर्षांचा, इंग्रजी आणि फारसी जाणणारा, बंगल्याचा मालक आहे. त्याच्याकडून नायिकेला मिळालेले काही मी शोधते आहे. उदास नजर आणि एक जुनी अंगठी, एवढेच सापडले.

दुसऱ्याच्या जिवावर तरुण राहणारा पुरुष आपल्या वाङ्मयात नवा नाही. ययातीने तेच केले. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली जरा आली, भोगाची इच्छा सरली नव्हती, तेव्हा त्याने मुलांपुढे हात पसरला आणि पुरूने आपले तारुण्य दिले. पण महाभारतकारांनी ययातीला सुटू दिले नाही. ‘न जातु कामः कामानामुपभोगेन शाम्यति’ हे त्याच्याच तोंडून वदवले, आणि घेतलेले तारुण्य परत करायला लावले. अमरत्वाकडेही आपल्या लोकांनी कधी फार भुलून पाहिले नाही. अश्वत्थामा चिरंजीव आहे, पण कपाळावरची जखम वाहते आहे आणि तो दारोदार तेल मागत फिरतो, असेच आपल्या आज्या सांगत आल्या. कोणत्याही आजीने त्याला स्थळ म्हणून सुचवल्याचे ऐकिवात नाही. आपल्या पुरवणीतल्या नायकाला जखम नाही, जरा नाही, ऋण नाही. एक दिवस नायिका चाळिशीची होईल, तिचे गुडघे दुखू लागतील, आणि तो मात्र तसाच सत्तावीस वर्षांचा गच्चीवर उभा असेल, याचा उल्लेखही आजवरच्या प्रकरणांत नाही. याच प्रश्नावर एक उत्तम कादंबरी उभी राहू शकते.

जाता जाता, नायक भर दुपारी सीताबर्डीत फिरतो हे शास्त्राला धरून नाही, असे एका वाचकाने लिहिले आहे, त्याबाबत. स्टोकरचा काउंट ड्रॅक्युला लंडनमध्ये दिवसा फिरतो, फक्त तेव्हा त्याच्या शक्ती मंदावलेल्या असतात. उन्हाने पिशाच्च मरतो ही कल्पना रूढ झाली ती १९२२ च्या एका जर्मन मूकपटामुळे. तेव्हा लेखकाला तेवढी सूट आहे. अर्थात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा दुपारी दोन वाजता सीताबर्डीत लांब काळा कोट घालून जिवंत माणूसही टिकत नाही. कोट तेवढा काढावा.

रक्तपेढीच्या तपशिलांबद्दल मात्र मी लेखकांना सूट देऊ शकत नाही. स्टोकरच्या कादंबरीत पिशाच्चाने पछाडलेल्या ल्यूसी या तरुणीला चार पुरुषांचे रक्त एकामागून एक दिले जाते, कोणाचे कोणाशी जुळते हे कोणी पाहत नाही. त्याला दोष देता येत नाही, कारण कार्ल लँडस्टायनरने रक्तगटांचा शोध जाहीर केला तो १९०१ साली, कादंबरीनंतर चार वर्षांनी. आपल्या लेखकांना ही सबब नाही. त्यांनी नायिकेचा रक्तगट ‘ओ निगेटिव्ह’ ठरवून त्याच्या दुर्मीळपणाचे रान उठवले आहे. दुर्मीळच हवा होता तर आपल्या मातीतला ‘बॉम्बे’ रक्तगट होता. डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत तो शोधला. साध्या तपासणीत तो ‘ओ’ असल्यासारखा दिसतो, पण या गटाच्या माणसाला ‘ओ’सुद्धा चालत नाही, फक्त त्याच गटाचे रक्त चालते, आणि भारतात असा माणूस दहा हजारांत एखादा. अशा मुलीचे रक्त नायकाला गोड लागेल तेव्हा लागो. पण तिला बाळंतपणात किंवा वर्धा रोडवरच्या एखाद्या अपघातात रक्त लागले तर ते कुठून येणार, हा प्रश्न कथेत आपोआप उभा राहील, आणि मग कदाचित रात्रभर गच्चीवर उभे राहणाऱ्या प्रियकराला दाते शोधत नागपूर-मुंबई एक करावे लागेल.

शेवटचा मुद्दा परवाच्या प्रकरणाचा. नायिका पहाटे रक्तपेढीच्या शीतपेटीतून एक पिशवी काढून ओढणीखाली लपवते आणि नायकाला नेऊन देते. एक तर त्या पिशवीत नुसते रक्त नसते. ३५० मिलिलिटर रक्तासाठी तिच्यात ४९ मिलिलिटर गोठणविरोधी द्रावण आधीच भरलेले असते, त्यात सायट्रेट असते, साखर असते. ते पिऊन नायकाच्या डोळ्यांत तेज येते म्हणे, माझ्या मते त्याचे तोंड वाकडे व्हायला हवे. पण ते राहू द्या. प्रत्येक पिशवीला क्रमांक असतो. रक्त कोणी दिले, कावीळ, एचआयव्ही, मलेरिया, गुप्तरोग यांच्या तपासण्या कोणी केल्या, कोणत्या कप्प्यात ठेवले, दोन ते सहा अंशांच्या बाहेर पारा गेला का, पस्तीस दिवसांची मुदत कधी संपते, कोणत्या रुग्णासाठी कोणी जुळवून पाहिले, कोणाच्या सहीने बाहेर दिले, हे सगळे नोंदलेले असते. पाळी बदलताना दोघे मिळून साठा मोजतात. एक पिशवी कमी भरली तर सकाळी आठच्या आत विचारणा होते, आणि ती सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यात होत नाही. रात्रपाळीच्या रकान्यात जिची सही आहे तिला बोलावतात. मेमो तिला मिळतो, चौकशी तिची होते, कंत्राटी असेल तर दुसऱ्या दिवशी कामावर येऊ नको म्हणतात. शिवाय ती पिशवी कोणाच्या तरी नावाने राखून ठेवलेली असेल, आणि त्या रुग्णाचे नातेवाईक बाहेर बाकावर बसलेले असतील. थॅलेसेमियाची किंवा सिकलसेलची मुले आमच्याकडे नेमाने येत, त्यांच्या आया रक्त मिळेपर्यंत काउंटर सोडत नसत.

तेव्हा लेखकांना माझी आपल्यामार्फत एवढीच विनंती आहे की, पुढच्या रविवारी सरळ बंगल्याच्या बागेतल्या चांदण्याकडे जाऊ नये. आधी आठ वाजताची पाळी बदलू द्यावी, साठा मोजू द्यावा, आणि नायिकेला त्या टेबलासमोर उभी करून ती काय उत्तर देते ते लिहावे. त्यानंतर तिने नायकाला भेटून जे काही ठरवायचे ते ठरवावे, पण त्या भेटीत आधी तिने बोलावे. नोंदवहीतले रकाने कोणत्या क्रमाने असतात, रात्री शीतपेटीचा गजर कसा वाजतो, पिशवी ओढणीखाली धरली तर किती वेळात तिला बाहेरून दव धरते, अशी कोणतीही माहिती लेखकांना हवी असल्यास ती मी आनंदाने देईन. माझा पत्ता आपल्या कार्यालयात नोंदवलेला आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त रक्तपेढी तंत्रज्ञ,
धरमपेठ, नागपूर